काचेची नळी आणि वीस मिनिटं

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हाती आलं आणि मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रुजू झाले. 3 वर्षांचं शिक्षण डोक्यात होतं, हात मात्र ऐकत नव्हते. माझी ड्युटी इन्चार्ज सिस्टरसोबत लागली. त्यांना माझी मेंटर म्हणून कुणी नेमलं नव्हतं, पण माझं खरं शिक्षण त्यांच्याकडेच झालं.

जुलैतली नाइट. वावरातून परतताना साप चावलेला माणूस आला, पाय सुजलेला. रक्त गोठतं का ते पाहायचं होतं. मी बेसिनजवळ धुऊन ठेवलेली काचेची नळी उचलली, तोच सिस्टरनी हात धरला. "साबणानं धुतलेली नको व पोरी. तिच्यात चांगलं रक्तही गोठत नाही, अन् आपण विष चढलं समजतो." नवी कोरडी नळी घेतली, त्यात 2 मिली रक्त घातलं, चिकटपट्टीवर वेळ लिहिली. मधेच मी ती तिरपी करून पाहायला गेले. "हलवू नको. वीस मिनिटं म्हणजे वीस."

वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी सर्पविषरोधकाच्या 10 व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) सांगितल्या. त्याआधी सिस्टरनी अ‍ॅड्रेनालिन भरून ट्रेमध्ये ठेवलं, कारण सर्पविषरोधकाची रिअ‍ॅक्शन केव्हाही येऊ शकते आणि तेव्हा अ‍ॅड्रेनालिनच लागतं. मी घाईत व्हायल जोरात हलवली, फेस झाला. त्यांनी दुसरी घेऊन दोन्ही तळहातांत हळूहळू फिरवून दाखवली.

नव्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. "असं का?" हे तिथल्या तिथे विचारा. गडबड असेल तर वहीत लिहा आणि चहाच्या वेळी विचारा. चूक झाली तर त्याच क्षणी सांगा. लपवलेली चूक पेशंटच्या अंगावर येते. पहिला महिना मेंटरच्याच शिफ्टमध्ये ड्युटी मागा, नाइटसुद्धा. माझ्या मैत्रिणीला दुसऱ्या एका ठिकाणी पाचव्या दिवशी लेबर रूममध्ये एकटीला सोडलं होतं. हा अन्यायच आहे, नव्या नर्सवर आणि बाळंतिणीवरही. अशा वेळी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. ऑक्सिटोसिन (बाळंतपणातला रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन) कुठल्या फ्रिजमध्ये आहे, इमर्जन्सी ट्रेमधल्या औषधांची मुदत कधी संपते, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

आणि बोली शिका. मी कोल्हापूरकडची. एका गरोदर बाईला मी विचारलं, "वेदना कधी सुरू झाल्या?" ती नुसती बघत राहिली. सिस्टर खाटेवर बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला. "काहून व माय, कवापासून दुखून राह्यलं?"

"सकाऊनपासून," ती म्हणाली. मग पाणी गेल्याचंही तिनं सांगितलं.