फुटक्या दगडी भांड्यातून टकळीची चकती

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, लान्स ओ मेडोज इथं, व्हायकिंगांच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या, वस्तीचं उत्खनन चालू असताना १९६४ साली शंखजिऱ्याची, म्हणजे एका मऊ दगडाची, छोटी चकती सापडली. मधोमध भोक, एका अंगाला काजळी. कुणीतरी फुटक्या भांड्याचा किंवा दिव्याचा तुकडा घासून टकळीसाठी ती केली होती. सूतकताई तेव्हा बायकांचं काम, म्हणून तिथं बायकाही होत्या असं अभ्यासकांनी ताडलं.

तशी चकती घरी जमते. तुमची तमिळनाडूची कल्चट्टी, म्हणजे स्वयंपाकाचं दगडी भांडं, तडकली असेल तर टाकू नका, तोच हा दगड. नखानं ओरखडा उठला की समजा काम होणार.

आधी एक इशारा. काही शंखजिऱ्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. म्हणून दगड सतत ओला ठेवा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि हे काम स्वयंपाकघरात करू नका.

करवतीनं चारेक सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापा. आता गोल करायचा मोह होईल, पण थांबा. भोक आधी पाडायचं. दगड तडकतो तो इथंच, आणि घासूनपुसून गोल केलेली चकती हातात दुभंगली की फार जिवाला लागतं. हातगिरमिटानं निम्मं भोक एका बाजूनं, निम्मं दुसऱ्या बाजूनं पाडा. आरपार एकाच बाजूनं गेलात तर पलीकडची कड उडते. भोक साधारण आठ-नऊ मिलिमीटरचं पुरे.

मग भोकाभोवती वर्तुळ आखा आणि कानशीनं कडा उतरवा. वजन २५ ग्रॅमच्या आसपास आणा. हलक्या चकतीवर बारीक सूत निघतं, जड चकतीला जाड सूत झेपतं.

वीतभराहून थोडी लांब काठी निमुळती तासून भोकात घट्ट बसवा आणि हवेत फिरवून बघा. चकती डगमगली तर जड बाजू थोडी घासा. हे दोन-तीनदा करावं लागतं, कंटाळू नका.

कातायला लोकरीचा पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, घ्या. काठीला सुरुवातीला तयार सुताचा तुकडा बांधून त्याच्या टोकाला पेळू जोडा, टकळीला गिरकी देऊन लोंबती सोडा आणि पीळ वर चढेल तसा पेळू हळूहळू ओढा. पहिल्या दिवशी सूत दर हातभर अंतरावर तुटेल आणि टकळी जमिनीवर आपटेल. खाली गोधडी अंथरून बसा, नाहीतर चकती पुन्हा करावी लागेल.