गाडीचा इशारा-आवाज गेला होता, तो असा परत आणला

पार्किंगमधून रिव्हर्स घेत होतो. मागून चालणाऱ्या आजोबांना गाडी आल्याचं कळलंच नाही. ब्रेक वेळेत लागला, पण हात बराच वेळ थरथरत होते. इलेक्ट्रिक गाडी हळू चालताना जो बारीक गुणगुणाट करते, तो बंद पडला होता. काच लावून, एसी चालू ठेवून बसल्यावर आत ते कळतही नाही.

हा आवाज मोटरचा नसतो. वेगळा स्पीकर तो काढतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये तो हवाच. १० च्या वेगाला किमान ५० डेसिबल. ताशी २० च्या पुढे टायरचाच आवाज पुरतो.

आधी मॅन्युअल बघून फ्यूज तपासला. ठीक होता. मग गाडी बंद करून, १२ व्होल्ट बॅटरीची ऋण तार काढून पुढच्या बंपरखालचं कव्हर उघडलं. (नारिंगी वायरी हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांना हात लावायचाच नाही.) स्पीकरचा कनेक्टर अर्धवट सुटलेला, आत चिखल आणि पिनांवर हिरवट गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, मऊ ब्रशने घासलं, पूर्ण वाळू दिलं आणि 'टक्' होईपर्यंत दाबून बसवलं.

मग मुलीला लांब उभं करून मोकळ्या जागेत गाडी हळू चालवली. "बाबा, येतोय!" ती ओरडली.

आता गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा तिथे मारत नाही. महिन्यातून एकदा काच खाली करून भिंतीजवळून हळू जातो. भिंतीवरून परतणारा आवाज नीट ऐकू येतो.