घोडीची रात्रीची झूल: माझा अनुभव
इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये ऑक्टोबर लागला की तबेल्यात जाड झुली बाहेर निघतात. आमच्या घोडीसोबत आली ती चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरण (आतला ऊबदार थर) असलेली. सकाळी काढली की खांद्यामागचे केस घामाने ओले, चिकट! कान गार लागले म्हणून झूल चढवू नका, कान फसवतात. झुलीखाली, खांद्यामागे हात घालून बघा: अंग कोरडं आणि कोमट हवं.

मी १०० ग्रॅमची, घाम बाहेर टाकणारी झूल आणली. केस न कातरलेल्या धडधाकट घोड्याला कोरड्या तबेल्यात तापमान ५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं तरी बहुधा झूल लागतच नाही. गारठा वाढला की मी आधी वाळलेलं गवत वाढवते, ते पचतानाच अंगात ऊब तयार होते. केस कातरल्यावर मात्र २०० ग्रॅम. आता सकाळी केस कोरडे असतात.