भातामागचा हरभरा: गोव्याच्या जमिनीसाठी संकर कसा करावा

गोव्यात घरोघरी चण्याचे तोणाक शिजते, पण तो चणा बहुधा घाटावरून येतो. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपल्याकडे चवळी, मूग, कुळीथ घेतात. तेथे हरभरा घ्यायचा असेल, तर घाटावरचे वाण तसेच आणून भागणार नाही. हरभऱ्याला थंडी हवी असते आणि आपली थंडी थोडकी असते. फेब्रुवारीत ऊन तापू लागण्यापूर्वी ज्याचे घाटे भरतात, असा वाण येथे हवा. संकराला हात घालण्याआधी हे उद्दिष्ट वहीत लिहून ठेवावे, कारण पुढची प्रत्येक निवड त्यावर ठरते.

जोडी त्याच हिशेबाने निवडावी. आयसीसीव्ही 2, म्हणजे आपल्याकडचा ‘श्वेता’, हा लवकर येणारा आणि मर रोगाला दाद न देणारा काबुली वाण आहे. जेजी 14 हा उशिरा पेरणीतली उष्णता सोसणारा देशी वाण आहे. काबुलीची फुले पांढरी असतात, देशीची बहुधा गुलाबी, आणि गुलाबी रंग प्रभावी असतो. म्हणून पांढऱ्या फुलाचे झाड मादी व गुलाबी फुलाचे झाड नर धरावे. तसे केल्यास पहिल्या पिढीत गुलाबी फुलणारे झाड खरा संकर आणि पांढरे फुलणारे झाड चुकून झालेले स्वपरागण, हे शेतातच कळते. दोन्ही वाणांच्या फुलांचा रंग मात्र आधीच्या हंगामात स्वतः पाहून घ्यावा.

जमीन आधी तयार हवी. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असल्यामुळे मातीपरीक्षण करून पेरणीपूर्वी काही आठवडे चुना मिसळावा. चवळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हरभऱ्याच्या कामाचे नसतात, त्यामुळे बियाण्याला हरभऱ्याचेच रायझोबियम चोळावे. नर झाडे आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा पेरावीत, म्हणजे मादी फुलेल तेव्हा ताजे पराग हाताशी असतात.

आता प्रत्यक्ष काम, आणि खरी कसोटी येथेच आहे. हरभऱ्याचे फूल उमलण्यापूर्वीच आतले परागकोश फुटतात, म्हणून उमललेले फूल मादी म्हणून उपयोगाचे नसते. पाकळ्यांचे टोक हिरव्या निदलांबाहेर जेमतेम डोकावत असेल, अशी कळी सायंकाळी निवडावी. बारीक चिमट्याने निदल व पताका पाकळी (मागची सर्वांत मोठी पाकळी) हळूच बाजूला करून, होडीसारखी पाकळी उघडावी आणि आतले दहाही पुंकेसर काढावेत. परागकोश हिरवट असले पाहिजेत. पिवळी धूळ दिसली, तर ती कळी सरळ खुडून टाकावी. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे नुकते उमलू लागलेले फूल घेऊन त्याचे पराग कुक्षीवर अलगद टेकवावेत, देठाला रंगीत दोरा बांधावा आणि तारीख व जोडी वहीत नोंदवावी. या झाडाच्या केसांवरची आंब बोटांना चिकटते, म्हणून चिमटा मधून मधून स्पिरिटने पुसावा. एका फुलाचे पराग दुसऱ्यावर जाऊ न देण्याचाही तोच उपाय आहे. निम्मी फुलेसुद्धा टिकत नाहीत आणि घाट्यात एक-दोनच दाणे मिळतात, तेव्हा शंभर फुलांची तयारी ठेवावी व पहिल्या आठवड्यातल्या गळीने खचू नये.

पहिल्या पिढीतली गुलाबी झाडे स्वपरागणाने वाढू द्यावीत. दुसऱ्या पिढीत मात्र शक्य तितकी जास्त झाडे लावावीत, कारण वेगवेगळ्या गुणांच्या जुळण्या तेथेच सुट्या होतात. माझ्या मते या पिढीची पेरणी मुद्दाम डिसेंबरात, उशिरा करावी. उन्हात फुले टिकवून घाटे धरणारी झाडे आपोआप वेगळी दिसतात. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते, म्हणून तिसऱ्या पिढीच्या ओळींतले (एका झाडाच्या बियांची एक ओळ) थोडे बियाणे मर लागलेल्या तुकड्यात पेरून पाहावे. मिश्र जनुकांचे, म्हणजे जोडीतली दोन रूपे वेगवेगळी असलेल्या जनुकांचे, प्रमाण पिढीगणिक निम्म्याने घटते: दुसऱ्या पिढीत 50 टक्के, सहाव्या पिढीत सुमारे 3 टक्के. वर्षाला एकच हंगाम धरला, तर सहावी पिढी सातव्या वर्षी शेतात येते.

हरभऱ्याच्या जनुकसंचाचा आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून पानाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून, चिन्हकांच्या, म्हणजे हव्या गुणाशी जोडलेल्या डीएनएतल्या खुणांच्या, साहाय्याने झाड निवडणे सोपे झाले आहे. आयसीसी 4958 या खोल मुळांच्या वाणातला दुष्काळ सोसण्याशी निगडित जनुकखंड अशाच रीतीने पुसा 372 या वाणात आणून पुसा चिकपी 10216 हा वाण तयार झाला. असा ठरावीक खंड चांगल्या वाणात आणायचा असेल, तर त्याच वाणाशी पुनःपुन्हा संकर करावा. पहिल्या फेरीनंतर मूळ वाणाचा वाटा सरासरी 75 टक्के, दुसरीनंतर 87.5 आणि तिसरीनंतर 93.75 टक्के होतो. उष्णता सोसण्याचा गुण मात्र अनेक जनुकांवर अवलंबून असतो, म्हणून आपल्या कामात चिन्हकांपेक्षा शेतातल्या निवडीवर अधिक भर द्यावा. वेगळे जनकवाण हवे असल्यास हैदराबादजवळच्या पाटनचेरूतील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत हरभऱ्याचे 20 हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत, आणि स्थानिक चाचणीविषयी जुने गोवे येथील एला गावातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारणा करावी.

स्थिर झालेल्या ओळी दोन्ही जनकांच्या शेजारी, किमान तीन ठिकाणी आणि तीन हंगाम लावून तोलाव्यात. त्यांतले एक ठिकाण भाताच्या ओलीवरचे, पाणी न दिलेले असावे.