बालीहून लोंबोक: विमान की बोट?

विमान अर्ध्या-पाऊण तासाचं, बोट दोन तासांची. म्हणून विमानच घ्यावं असं वाटतं. पण लोंबोकचा विमानतळ प्रायाला, बेटाच्या दक्षिणेकडे आहे. तेव्हा आधी मुक्काम कुठे ते बघा.

१. लोंबोकच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या छोट्या गिली बेटांवर जायचंय? बोटच घ्या. बालीतल्या पडांगबाईहून फास्ट बोट थेट गिली त्रावांगनला, म्हणजे त्यातल्याच एका बेटावर सोडते. विमानाने गेलात तर प्रायाहून टॅक्सीने बांगसाल बंदर गाठायला दीडदोन तास, आणि तिथून पुन्हा बोट आहेच.

२. लोंबोकच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कुटाला जायचंय? मग विमान. विमानतळापासून टॅक्सीने अर्धा तास.

३. बोट सकाळचीच धरा, दुपारी वारा वाढतो. जागा मागच्या बाजूला पकडा. पुढे प्रत्येक लाटेला बोट आपटते आणि कंबर पार खिळखिळी होते. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या. बोट डोलायला लागल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा: भारतात परतायचं विमान असेल त्या दिवशी बोट ठेवू नका. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. आदली रात्र बालीतच काढा.