झाडावर टांगायचे मिटन

आमच्या अमेरिकेतल्या मिनेसोटात थंडी पडली की काही ग्रंथालयांत, चर्चमध्ये 'मिटन ट्री' उभं करतात. लोक त्यावर मिटन (एक प्रकारचे हातमोजे), टोप्या अडकवतात आणि नंतर त्या गरजू मुलांकडे जातात. मिटनमध्ये अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकत्र. एकमेकांना ऊब देतात. उणे वीस अंशात पाच बोटांचा हातमोजा त्यापुढे फिका.

मी पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी विणते. लोकर मध्यम जाडीची, मशिनमध्ये धुता येणारी घ्या. महागडी नाजूक लोकर देऊ नका, दमलेली आई ती हाताने धुणार आहे का? दोन्हीकडे टोक असलेल्या 4 मिमी सुयांवर 32 टाके घालून गोल जोडा. दोन सुलट, दोन उलट असं 6 सेंमी विणा. मनगट घट्ट हवं, नाहीतर बर्फ आत शिरतो. पुढे सगळे फेरे सुलट.

अंगठ्यासाठी एका टाक्याच्या दोन्ही बाजूंना दर तिसऱ्या फेरीला एकेक टाका वाढवा. तिथे 11 टाके झाले की ते वेगळ्या दोऱ्यावर ओवून ठेवा, त्या जागी एक नवा टाका घाला आणि करंगळी झाकेपर्यंत विणत जा. मग टाके घटवून टोक आवळा. दोऱ्यावरचे टाके परत सुयांवर घेऊन अंगठा शेवटी विणा.

जोडी एकत्र बांधा, चिठ्ठीवर वय लिहा. मी तर त्याच रंगाचा तिसराही विणते. एक हरवणारच!