पेल्विक फ्लोअरचे व्यायाम करताय? मग या चुका टाळा

आमच्या बडोद्यात नवरात्र जवळ आलं की माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकचा फोन जास्त वाजतो. गरबा तर कुणालाच चुकवायचा नसतो, पण गिरकी घेताना, उडी मारताना लघवीचे थेंब गळतात हे घरी सांगवत नाही, म्हणून पंधरा दिवस आधी विचारणा येते, "ताई, आजपासून कीगल केले तर नवरात्रापर्यंत थांबेल ना?" नाही थांबणार. कीगल म्हणजे पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला आधार देणारे स्नायू आवळायचा आणि सोडायचा व्यायाम. हे स्नायू आहेत, त्यांना ताकद यायला नेमाने केलं तरी तीन महिने धरून चाला. पंधरा दिवसांत रिझल्ट देतो म्हणणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका, मग ते मशीन असो, ऑनलाइन मिळणारी योनीत धरायची वजनं असोत की कुणाचं पॅकेज.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न तपासता कीगल सुरू करणं. डॉ. अर्नोल्ड कीगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, तेव्हा ते बाईला आधी तपासायचे, बरोबर स्नायू आवळला जातोय का ते हाताने बघायचे, दाब मोजायचं उपकरण लावून तिला दाखवायचे. आता फक्त "आवळा, सोडा" एवढंच उरलंय आणि त्यातलं "सोडा" पण कुणी धड करत नाही.

दांडिया बाजाराकडून एक ताई आल्या होत्या, दोन बाळंतपणं झालेल्या. शिंक आली की थेंब गळायचे. कुठल्यातरी रीलवर बघून रोज दोनशे कीगल करायच्या, स्कूटीवर सिग्नलला थांबल्या की, पोळ्या लाटताना, रात्री पडल्या पडल्या, जमेल तेव्हा. काही महिने असं केल्यावर गळणं थांबलं नाहीच, वर बसलं की माकडहाडाशी दुखायला लागलं, शौचाला अडकायला लागलं, आणि नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की आग व्हायची, हे शेवटचं तर त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. तपासलं तर स्नायू कायम आवळलेलेच, सोडा म्हटलं तरी सुटत नव्हते. दिवसभर मूठ आवळून ठेवली आणि मग त्याच हाताने काही उचलायला गेलं तर पकड कुठून येणार, तसंच झालेलं. त्यांच्यात ताकद कमी दिसत होती ती स्नायू सैल असल्यामुळे नाही, थकून आखडल्यामुळे.

मी त्यांचे कीगल पूर्ण बंद केले. ते त्यांना पटेना, इतके महिने केलेलं वाया गेलं म्हणून रडल्या. मग पोटातून श्वास घ्यायला शिकवलं, श्वास आत घेताना पोट आणि बरगड्या फुलतात तसा खालचा तळही अलगद खाली उतरतो, तो जाणवेपर्यंत दुसरं काही नाही. सोबत बालासन, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेणं, कोमट पाण्यात बसणं आणि बद्धकोष्ठासाठी डॉक्टरांचं औषध. आधी दुखणं गेलं. त्यानंतर कुठे आवळायला सुरुवात केली, तेही मोजून थोडं, आणि मग हळूहळू शिंकेचं गळणंही कमी होत गेलं. बसताना दुखत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल, लघवी सुरू व्हायला वेळ लागत असेल तर आधी तपासून घ्या, स्वतःच्या मनाने आवळत बसू नका.

ज्यांना खरंच ताकद वाढवायची आहे त्यांना मी देते ते असं: सहा ते आठ सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सोडा, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. दोनच सेकंद जमत असतील तर दोनच धरा. आत आणि वर ओढल्यासारखं वाटायला हवं. बऱ्याच जणी उलट खाली जोर लावतात, त्याने नुकसानच होतं. श्वास रोखू नका. नितंब आणि मांड्या आवळणं म्हणजे कीगल नाही.

लघवी मध्येच अडवून व्यायाम करू नका. स्नायू कुठला ते कळायला एखाद्या वेळी केलं तर ठीक, रोज केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि इन्फेक्शनची भीती वाढते.

आता पाणी. चणियाचोळी घालून टॉयलेटला जाणं किती कटकटीचं ते मला माहितीये, म्हणून बायका संध्याकाळपासून पाणीच बंद करतात, शिवाय निघताना "आत्ताच जाऊन येते", मैदानावर पोचल्यावर पुन्हा एकदा. याने दोन्हीकडून त्रास होतो. पाणी कमी झालं की लघवी गडद होते, ती मूत्राशयाला जास्त टोचते आणि घाई वाढते, बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच. आणि सारखं सारखं जाऊन यायची सवय लागली की थोडं भरलं तरी मूत्राशय हाक मारायला लागतं. दिवसा तीन-चार तासांनी जाणं ठीक आहे. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, चहा-कॉफी मात्र कमी करा, घाई होणाऱ्यांना तिचा जास्त त्रास होतो. त्या दिवसापुरतं पॅड लावलं तर लाज वाटून घेऊ नका, पण ते उपचार नाही. खोकला किंवा शिंक यायच्या क्षणभर आधी तळ आवळून धरायची सवय लावली तर तेवढ्यात थोडा फरक पडतो.

बाळंतपणानंतर पोट कडक बांधू नका, दाब खालीच जातो. सव्वा महिना झाला म्हणून लगेच क्रंचेस सुरू करायचे नाहीत. शौचाला जोर लावायचा नाही, कमोडवर बसताना पायाखाली छोटा स्टूल घ्या. खाली काहीतरी उतरल्यासारखं, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. लघवीत रक्त, ताप, लघवी अचानक बंद होणं किंवा मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, यात फिजिओची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा.

आतून तपासायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, नको असेल तर बाहेरूनही सुरुवात करता येते, सोबत बहीण-मैत्रीण आणली तरी चालते. येताना तीन दिवसांची नोंद मात्र आणा, किती वाजता काय प्यायलात, किती वेळा गेलात, कधी गळलं. एक जुना मापाचा मग बाथरूममध्ये ठेवून लघवी किती झाली तेही लिहिलं तर मला पहिल्याच भेटीत बरंच काही कळतं.